वसईचा वेढा : सुरुंग, खाडी आणि पंचांग

दुसऱ्या महायुद्धांत पॅसिफिक महासागरांतील बेटांवर ज्या लढाया झाल्या, त्यांपैकीं तारावाच्या लढाईचा वृत्तांत वाचीत असतां आम्हांस वारंवार वसईची आठवण होत होती. १९४३ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेचें नौसैन्य त्या बेटावर उतरूं लागलें, तेव्हां भरतीचें पाणी अपेक्षेप्रमाणें चढलें नाहीं. होड्या प्रवाळाच्या खडकावर अडल्या, आणि शिपायांना छातीइतक्या पाण्यांतून, समोरून गोळ्यांचा वर्षाव होत असतां, कित्येकशें हात चालत किनारा गांठावा लागला. तीन दिवसांच्या त्या झुंजांत सुमारें एक हजार अमेरिकन शिपाई कामास आले. विशेष हें कीं, तेथील पाण्याची माहिती असलेल्या एका माणसानें या धोक्याचा इशारा आधींच दिला होता. आमच्या किनाऱ्यावरील कोळी ज्यास भांगाची भरती म्हणतात, तीच ही. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास समुद्र फुगत नाहीं, हें ज्ञान आगाशी-वसईकडील कोळ्याच्या पोरासहि असतें.

उष्ण कटिबंधांतील किनारा, खाड्या, चिखल, रोगट हवा, तटाआड बसलेला कडवा शत्रु आणि डोक्यावर आलेला पावसाळा, या सर्वांशीं एकाच वेळीं झगडावें लागावें असा प्रसंग मराठ्यांच्या इतिहासांत १७३७ ते १७३९ या वर्षांत आला. त्या मोहिमेचे कागद आतां दुर्मिळ राहिलेले नाहींत. सरदेसाई यांनीं संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या निवडक कागदांचा सोळावा खंड केवळ याच विषयास वाहिलेला आहे. पारसनिसांनीं १९०० सालीं ब्रह्मेंद्रस्वामींच्या चरित्राबरोबर चिमाजीअप्पांचीं पत्रें प्रसिद्ध केलीं; फिरंग्यांच्या बाजूचीं साधनें पिसुर्लेकरांनीं गोव्याच्या दप्तरांतून बाहेर काढलीं. असें असतांहि शाळेंतील पुस्तकांतून व कीर्तनांतून आपल्या कानीं येते ती एकच गोष्ट : किल्ला हातीं येईना तेव्हां अप्पा म्हणाले कीं, माझें मस्तक तरी तोफेनें उडवून किल्ल्यांत टाका. ही गोष्ट वीररसास पोषक आहे, यांत संशय नाहीं. पण अप्पांनीं स्वामींस लढाईचा जो वृत्तांत लिहिला, त्यांत मस्तकाची गोष्ट नाहीं. तेथें सुरुंग आहेत, मोर्चे आहेत, मेलेलीं माणसें आहेत आणि शत्रूच्या झुंजारपणाची मोकळ्या मनानें दिलेली कबुली आहे. आम्हांस तो वृत्तांतच अधिक थोर वाटतो, आणि आजचें आमचें लिहिणें त्याच्याच अनुरोधानें आहे.

आधीं दिवसांचा घोळ दूर केला पाहिजे, कारण संग्राहकांच्या टिपणांत तो नेहमीं आढळतो. त्या काळीं पोर्तुगीज नव्या पद्धतीची, म्हणजे ग्रेगोरियन, तारीख लिहीत. मुंबईकर इंग्रज जुनीच धरून होते आणि १७५२ पर्यंत त्यांनीं ती सोडली नाहीं. दोहोंत अकरा दिवसांचें अंतर. यामुळें एकच वसई एका ग्रंथांत ५ मे रोजीं पडते, तर दुसऱ्यांत १६ मे रोजीं. आमच्या मंडळींनीं लिहिलेल्या कागदांवर तिथि असते, व खरा निवाडा तीच करते. शके १६६१ च्या वैशाखांत, शुद्ध पंचमीच्या सुमारास सुरुंग उडाले आणि अष्टमीच्या सुमारास तहाचें ठरलें, असें गणितानें येतें. म्हणजे नव्या पद्धतीनें १३ व १६ मे १७३९. ठाण्याचा कोट हातीं आला तो दिवस जुन्या पद्धतीनें २७ मार्च १७३७ असा देतात. पंचांग मांडून पाहतां शके १६५९ च्या चैत्र शुद्ध सप्तमीच्या आसपास तो पडतो, आणि येथें एक गोष्ट ध्यानांत येते. सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. पुढची रात्र काळोखी. शिवाय दिवस भांगाचे, म्हणून खाडीस ओढ कमी. रात्रीं ठाण्याची खाडी उतरावयाची असेल तर याहून अनुकूल तिथि शोधूनहि सांपडणें कठीण. हा योगायोग असूं शकेल. पण आमचें मत तसें नाहीं.

कारण ज्यांनीं ही वाट दाखविली तीं माणसें त्याच पाण्यावर वाढलेलीं होतीं. भिवंडीजवळील अंजूर गांवचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु यांनीं पुण्यास खेटे घालून या मोहिमेचा पाठपुरावा वर्षानुवर्षें केला होता. साष्टींतील हिंदूंवर धर्मासंबंधानें जो जुलूम होई त्याचा कंटाळा हें मूळ कारण खरें. परंतु नुसत्या गाऱ्हाण्यानें राज्यें हलत नाहींत. अंजूरकरांनीं गाऱ्हाण्याबरोबर माहिती आणली. ठाण्याचा कोट अजून बांधून पुरा झालेला नाहीं, कोठें भिंत उभी आहे, कोठें नाहीं, खाडीस उतार कोणत्या जागीं आहे, हें सर्व त्यांच्या ओळखीच्या लोकांकडून समजत असे. साष्टीच्या बखरींत अंजूरकरांचा मोठेपणा भरपूर आहे. तो त्या घराण्याच्या अभिमानानें थोडा वाढलेला धरला, तरी मूळ गोष्ट खोटी ठरत नाहीं. खंडोजी मानकर, होनाजी बलकवडे इत्यादि मंडळी खाडीपार झालीं व अपुरा कोट हातीं आला. तारावास जो इशारा ऐकून सोडून दिला गेला, तसला इशारा पुण्यास ऐकला गेला, एवढाच भेद. पण हा भेद लहान नव्हे.

ठाण्याबरोबर साष्टी आली. त्याच सुमारास वैतरणेच्या मुखावरील अर्नाळ्याचें बेटहि मराठ्यांनीं घेतलें. तेथें पुढें जो जंजिरा बांधिला त्याच्या दरवाज्यावरील मराठी शिलालेखांत बाजी तुळाजी या बांधणाराचें नांव कोरलेलें आहे. हें नांव वाचकांनीं मनांत ठेवावें. त्याचें काम आम्हांस पुढें पडणार आहे.

मात्र वसई आली नाहीं. १७३७ च्या पावसाळ्यांत शिड्या लावून झालेले एल्गार फसले, आणि पुष्कळ माणूस फुकट गेलें. शंकराजी केशव फडके यांनीं तरीहि वेढ्याची जागा सोडली नाहीं. आम्ही हरसुलास राहतों. येथून पश्चिमेस जव्हारचा डोंगराळ मुलूख आणि त्याखालीं कोंकण. या बाजूचें पुष्कळसें पाणी दमणगंगेंतून थेट दमणच्या खाडीस जातें. ज्येष्ठ-आषाढांत ओढे चढले म्हणजे शेजारच्या पाड्यावर निरोप धाडणेंहि एक दिवसाचें काम होऊन बसतें, आणि भिजलेलें धान्य, बुरसलेलें कातडें व हिंवताप यांचा अनुभव ज्यानें घेतला नाहीं त्यास पावसाळ्यांतील छावणी म्हणजे काय हें समजावयाचें नाहीं. तीच अवस्था घांटाखालीं, खाजणाच्या कडेला, दारू कोरडी ठेवण्याची चिंता वाहत, दोन पावसाळे काढणाऱ्यांची काय झाली असेल याची कल्पना करावी. मोठे सरदार येऊन-जाऊन असत. स्वतः अप्पांना मोहीम अर्धी टाकून जावें लागलें, कारण बाजीरावांचें लक्ष निजामाकडे लागलें होतें. भोपाळचा प्रसंग व त्यानंतरचा तह १७३८ च्या जानेवारींत आटोपला. त्या अवधींत वसईपुढें चिकटून राहणें हेंच शंकराजीपंतांचें शौर्य. या शौर्यावर पोवाडा होत नाहीं.

१७३८ च्या अखेरीस फिरंग्यांनीं ठाणें परत घेण्याचा यत्न केला, त्यांत त्यांचा सेनापति पेद्रु द मेलु हा कोटावरील तोफेच्या गोळ्यानें पडला. पुढच्या कांहीं आठवड्यांत अप्पांनीं उत्तरेकडील माहीम व तारापूर घेतलें. तारापुरीं बाजी भिवराव रेठरेकर पडले; पेशव्यांच्या घरोब्यांतला हा तरुण सरदार, आणि त्याच्या जाण्यानें विजयाचा आनंद बाधला असें कागदच सांगतात. या ठाण्यांचा तपशील येथें देत नाहीं. माहीम-तारापूर पडल्यानें वसईचा उत्तरेकडील आधार तुटला, एवढें आमच्या कामास पुरें आहे.

आतां वसईची जागा. तीन बाजूंस समुद्र, खाडी व खाजण. उत्तरेकडे मात्र जमीन. दहा बुरुजांचा कोट, एक दरवाजा जमिनीकडे, एक बंदराकडे. म्हणून मारा करावयाचा तो उत्तरेकडूनच, आणि तिकडे सेंट सेबास्तियनचा व रेमेदियुचा असे दोन भक्कम बुरूज समोरासमोर येणारास टिपीत बसलेले. जमीन रेताड. ज्यानें वाळूंत खड्डा खणून पाहिला असेल त्यास ठाऊक आहे कीं, वाळू कडेनें ढांसळते व थोडें खोल गेलें कीं पाणी लागतें. डोंगरी किल्ल्याखालीं कातळ फोडून सुरुंग नेणें एक प्रकारचें कष्टाचें काम. येथें भुयाराचा माथा कोसळूं नये म्हणून लांकडाचा आधार देत, तोफांच्या व बंदुकांच्या माऱ्याखालीं, हातहात पुढें सरकणें दुसऱ्या प्रकारचें. किल्लेदार शत्रु स्वस्थ बसणारा नव्हता. वरून जळते पदार्थ, हातगोळे, दगड यांचा पाऊस पडे, आणि मोर्चाचें केलेलें काम उधळलें जाई. मोर्चे खणीत तटाखालीं जाऊन भिडावें, ही पद्धति युरोपांत त्या वेळीं सर्वत्र रूढ होती; मराठे तींत अडाणी होते असें समजणाऱ्यांनीं वसईचे कागद अवश्य वाचावे.

या वेढ्याचें यश वसईपुढेंच मिळालें असेंहि नाहीं. गोव्याहून मोठी कुमक आली असती तर उत्तरेकडील बुरुजांखालीं कितीहि भुयारें नेऊन उपयोग नव्हता. ती कुमक येऊं नये म्हणून १७३९ च्या जानेवारींतच व्यंकटराव घोरपडे इचलकरंजीकर साष्टी-मडगांवाकडे घुसले. (गोव्यांतहि साष्टी आहे, नवीन वाचकांचा येथें घोटाळा होतो.) व्यंकटराव हे बाजीरावांचे मेहुणे, अनुबाईंचे यजमान. गोव्याच्या विसरईस, म्हणजे सांदोमिलच्या काउंटास, स्वतःच्या दाराशीं शत्रु आल्यावर वसईस काय धाडतां येणार? समुद्राच्या बाजूस मानाजी आंग्रे यांचीं गलबतें होतीं. आंग्र्यांच्या घरांत त्या वेळीं दुही होती, संभाजी आंग्रे उलट बाजूस ओढीत होते, तरी मानाजींचा उपयोग झाला. मुंबईकर इंग्रजांनीं वसईकरांस दाणागोटा, दारूगोळा व थोडें कर्ज यांपलीकडे विशेष कांहीं दिलें नाहीं. दोन्ही पक्षांचा रंग पाहून मग आपला हिशेब करावा, ही त्यांची नेहमींची रीत. वेढा संपतांच जुलैंत कॅप्टन इंचबर्डनें येऊन पेशव्यांशीं तह केला.

या सर्वांवर दिल्लीची छाया होती. १७३९ च्या मार्चांत नादिरशहा दिल्लींत शिरला व तेथें कत्तल झाली. तो दक्षिणेकडे वळतो कीं काय, या भीतीनें बाजीरावांस सगळी फौज उत्तरेस हवी होती, आणि अप्पांकडे गुंतलेले शिंदे-होळकर हे त्या फौजेचें मर्मच होते. इकडे वसई सोडावी तर दोन वर्षांची मेहनत वायां, आणि महिन्याभरांत पाऊस. ज्या दिवशीं वसईच्या तहाचें ठरलें त्याच दिवशीं, म्हणजे नव्या पद्धतीच्या १६ मे रोजीं, नादिरशहानें दिल्ली सोडली. या योगायोगाचा अप्पांस कांहीं उपयोग नव्हता. ही बातमी त्यांना पुष्कळ मागाहून कळली असली पाहिजे. त्यांनीं अखेरचा हल्ला केला तो नादिरशहा दिल्लींत आहे असें समजूनच केला, हें विसरून त्यांच्या घाईचा न्याय करूं नये.

घाईचा उल्लेख करण्याचें कारण असें. पंचमीच्या सुमारास सकाळीं सुरुंगांस बत्त्या दिल्या. पहिले उडाले, तटास वाट पडली, आणि ती दिसतांच लोक एल्गार करून पुढें धांवले. मागाहून पेटणारा एक सुरुंग त्याच वेळीं, आपलेंच माणूस वर चढत असतां, उडाला. किती गेले त्याची यादी नाहीं. पण अप्पांच्या वृत्तांतांतून त्याची चटका लावणारी नोंद राहिली आहे. त्या दिवशीं बुरूज हातीं आला नाहीं. दोष कोणाचा? बत्तीचा वेग सर्वत्र सारखा नसतो. दमट हवेंत तर नाहींच. कोणत्या सुरुंगास किती अवधि लागेल याचा अंदाज घेणारा एक, बत्ती देणारा दुसरा, आणि हल्ल्याचा इशारा करणारा तिसराच. या तिघांचा मेळ बसला पाहिजे, आणि तोफांच्या आवाजांत, धुरांत, एकमेकांस न दिसणाऱ्या जागीं तो क्षणभर चुकला. आमच्या मतें यांत कोणा एका सरदारास दोष देणें अन्यायाचें होईल. उलट, अशा आघातानंतर तीच माणसें दुसरे दिवशीं पुन्हां त्याच तटाखालीं उभीं राहिलीं, यांत त्या फौजेची खरी परीक्षा झाली. फौजेंत मावळे होते, देशावरचे होते, शिंदे-होळकरांचे लोक होते, कोंकणांतले होते. एकमेकांची बोलीहि धड न समजणारे असतील. दुसरे दिवशीं सेबास्तियनच्या बुरुजाचा सुरुंग उडाला, मोठें खिंडार पडलें, आणि या वेळीं लोकांनीं धांवत आंत शिरण्याचा हव्यास न धरतां बुरुजावरच पाय रोवून आड केला. आंतून फिरंगी मागें रचलेल्या आडोशावरून झुंजत राहिले. पण बुरूज गेल्यावर कोटाचें आयुष्य दिवसांचेंच उरतें. निशाण दाखविलें गेलें व बोलणें सुरू झालें.

वेढ्याच्या दरम्यान किल्लेदार सिल्वेर द मेनेझिश हा पडला होता. तहावर कायतान द सोझ परेर याची सही आहे. अटी उदार होत्या. शिबंदीनें हत्यारांसह, वाजंत्रीनें, कुटुंबें व चीजवस्त घेऊन आठ दिवसांत निघून जावें. राहणाऱ्या ख्रिस्त्यांस धर्माची मोकळीक असावी. २३ मे रोजीं फिरंगी बाहेर पडले. ग्रांट डफ मराठ्यांचें नुकसान मेलेले व जखमी मिळून ५,००० आणि फिरंग्यांचें ८०० देतो. शंकराजीपंतांस वसईची सरसुभेदारी मिळाली. ती त्यांनीं दोन पावसाळ्यांच्या चिखलांत कमाविली होती.

आतां बाजी तुळाजीकडे वळूं. अर्नाळ्यास ज्यानें कोट बांधिला त्याचें नांव दगडांत राहिलें. वसईस ज्यांनीं भुयारें खणलीं त्यांचें नांव कोणत्याहि दगडांत नाहीं. त्यांस रोजमुरा मिळाला असेल. कोणास किती, कोणत्या तिथीस, कोणाच्या हातीं, याची नोंद तेव्हांच्या कारकुनानें केल्यावांचून सोडली असेल हें संभवत नाहीं. मराठी दप्तराची शिस्त ज्यांस ठाऊक आहे त्यांना हें सांगणें नको. दारूचा खर्च, लांकडाची खरेदी, होड्यांचें भाडें, जखमींच्या औषधपाण्याचे पैसे, मेलेल्यांच्या बायकांस दिलेलें लुगडें वा इनाम, असल्या कागदांतून हा वेढा पुन्हां मांडतां येईल, आणि तो मांडला जाईल तो खरा.

पण असे कागद आपण संग्राहकच टाकून देतों. पेशव्यांचें वा सरदाराचें शिक्क्याचें पत्र मिळालें कीं आपण तें कांचेंत घालतों. हजेरीची वही, फाटका जमाखर्च, धान्याचा ताळेबंद यांस किंमत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं या तालुक्यालगतच्या एका गांवीं जुन्या वाड्यांत मोडी कागदांचे रुमाल आहेत असें कळल्यावरून आम्ही गेलों. मालकांनीं शिक्क्यांचीं पत्रें वेगळीं काढून ठेविलीं होतीं, आणि बाकीचे ‘हिशेबाचे’ म्हणून किराणा दुकानदारास तोलून दिले होते. दुकानांत चौकशी केली. दोन पानें उरलीं होतीं, व त्यांवर गूळ चिकटलेला होता. एक बैलांच्या चाऱ्याचें होतें, दुसरें वाचतां आलें नाहीं. वसईशीं त्यांचा कांहीं संबंध होता असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. मालकांनीं आम्हांस चहा दिला, शिक्क्यांचीं पत्रें मोठ्या प्रेमानें दाखविलीं, आणि तीं सर्व पूर्वींच छापलेलीं निघालीं.

नाशकास गोदेकांठीं नारोशंकराच्या देवळावर, जें १७४७ सालीं बांधलें, मोठी घंटा आहे, आणि ती वसईच्या विजयांतील म्हणून दाखवितात. तिजवर १७२१ हें इसवी सन आहे. सालावरून ती वेढ्यापूर्वींची व ख्रिस्त्यांच्या हातची एवढेंच ठरतें. ती वसईच्याच कोणा देवळांतून आली हें सालानें सिद्ध होत नाहीं. उत्तर कोंकणांतून त्या मोहिमेंत अनेक ठाणीं आलीं, व प्रत्येकांत देऊळ होतें. अशा घंटा महाराष्ट्रांत आणखीहि आहेत, भीमाशंकरची प्रसिद्धच आहे. घंटा आणावयाची म्हणजे गाडा, बैल, घांट चढविणारीं माणसें आलीं, आणि त्यांचा खर्च कोठेंतरी पडलाच असेल. शंकराजीपंतांच्या सरसुभ्याच्या हिशेबांत शके १६६१ किंवा १६६२ सालचा असा एखादा तपशील कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं मूळ कागद स्वतःजवळच ठेवावा, परंतु त्याची नक्कल मोडी जशीच्या तशी, गाळलेल्या व न लागलेल्या अक्षरांच्या जागा दाखवून, या त्रैमासिकाकडे पाठवावी. विशेषतः बेलदार, पाथरवट, सुतार, कोळी व भंडारी यांच्या नांवें पडलेला खर्च दिसल्यास, रक्कम कितीहि क्षुद्र असली तरी ती वगळूं नये.